इंजिनातल्या तेलाचा थेंब

"लय बोलत न्हाई ती, पण सही बिगीबिगी करती बघ."

खिडकीबाहेर दोघं-तिघं हसले. बोलणारे मामा होते. शेडमधले सगळ्यात जुने फिटर, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मी आत, तेल तपासायच्या खोलीत, हातात ड्रॉपर धरून उभी होते. खिडकी अर्धी उघडी आहे हे त्यांना माहीत नसावं. किंवा असेलही.

खरं होतं म्हणून जास्त लागलं. डिझेल इंजिनांच्या या शेडमध्ये मला आठ महिने झाले होते. सकाळी माधवनगरच्या खोलीवरून यायचं, संध्याकाळी परत, शनिवारी साताऱ्याला घरी. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे काही बोलायचं तर मी आधी मनात इंग्रजीत जुळवते, मग मराठीत आणते. तोवर समोरचा निघून गेलेला असतो. इंजिन सोडायच्या कागदावर सही केली की माणूस खोलीतून लवकर जातो, हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मागच्या महिन्यात तर, तेल किती मळलंय ते सांगणारा टिपकागदावरचा डाग नीट पसरायच्या आधीच मी सही करून टाकली. काही झालं नाही. ते इंजिन अजूनही रोज धावतंय. पण ते शेडमध्ये आलं की मी दुसरीकडे बघते.

त्या दिवशीचं इंजिन खडीच्या गाडीला लागायचं होतं. साताऱ्याच्या पुढे घाटात रुळांखाली खडी टाकायची होती. मार्गावर आता सगळीकडे वायरी आल्यात, पण अशा कामाला वायरीतला करंट बंद करतात, मग डिझेलच लागतं. चारला निघालं नाही, तर कामासाठी मोकळी ठेवलेली लाइन हातची जाणार होती.

मी तेलाचा थेंब तापलेल्या हॉट प्लेटवर टाकला. तडतड झाली.

तेल शुद्ध असेल तर थेंब गुपचूप पसरतो. तडतडला म्हणजे त्यात पाणी आहे. इंजिन थंड ठेवणारं पाणी कुठून तरी तेलात झिरपत असलं, तर बेअरिंगवर तेलाचा थर टिकत नाही, आणि भर चढात इंजिन बसू शकतं. लहानपणी आत्याकडे जाताना वाठारच्या पुढे आमची गाडी अशीच उभी राहिली होती. दुपारभर. आईने पिशवीतले पेरू सगळ्या डब्याला वाटले होते. मला त्यात मजा वाटली होती.

मी दुसरा थेंब टाकला. पुन्हा तडतड, जरा कमी.

तेव्हा मला बाटली आठवली. तेल आणायच्या बाटल्या मीच धुते आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथ्या घालते. सकाळपासून आभाळ होतं. मी कट्ट्यावरच्या उरलेल्या पाचही बाटल्यांत बोट घालून पाहिलं. चार कोरड्या होत्या. एक आतून ओलसर. तेल आणलेली बाटली कशी होती? काही केल्या आठवेना. मी ती उजेडात धरली, खाली ठेवली, परत उचलली. खिडकीपर्यंत गेले, परत आले. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मामा कागद घेऊन आत आले. मागोमाग इंजिनाचे ड्रायव्हर, हातात डब्याची पिशवी.

"म्याडम, सही."

मी प्लेटकडे बोट केलं आणि तिसरा थेंब टाकला. मामांनी वाकून ऐकलं.

"बाटली वली असंल," ते म्हणाले. "तुमीच धुताय न्हवं?"

मी मान हलवली.

"मग? आवं, इंजिन ऐका की जरा. कसं एका सुरात चाललंय!" बाहेर ते घुमत होतं, टेबलावरची काचेची भांडी बारीक किणकिणत होती. "वायरीचं इंजिन करंट गेला की नुसता ठोकळा. ह्याचं तसं न्हाई. एवढी वर्सं ह्यांच्या पोटात हात घालतूय. डिझेल दगा देत न्हाई, म्याडम. दिला तर माणूस देतो."

"मामा, भाषण नंतर द्या," ड्रायव्हर म्हणाले. "जायचं का न्हाई तेवढं सांगा. घाटात मला एकट्याला बसायचंय त्याच्याबरोबर."

"जायचंय की. म्याडम काय, सही करत्यात."

खिडकीतून आणखी दोन चेहरे आत डोकावले. मामा वाईट बोलत नव्हते. उलट मला वाट काढून देत होते. बाटली ओली होती म्हणायचं, सही करायची, संपलं. नवं तेल काढायचं तर तास जाणार, चारची वेळ चुकणार. आणि त्यात पाणी निघालं नाही, तर पोरीने बाटली नीट वाळवली नाही म्हणून खडीची गाडी राहिली, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या शेडला कळणार.

मामांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून, टोपण उघडून माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं. ड्रायव्हर कागदाकडे बघत नव्हते. ते प्लेटवरच्या त्या डागाकडे बघत होते.

मी कट्ट्यावरून एक कोरडी बाटली उचलली आणि पेनासकट मामांच्या हातात दिली.

"मामा, ती बाटली ओली होती की नाही, मला आठवत नाही. चूक माझी असेल. पण ह्यात दुसरं तेल काढून आणा. तोवर इंजिन हलवायचं नाही."