अक्काचा डावा हात

अक्काच्या डाव्या मनगटात एक थरथर होती. आणीबाणी उठली त्या सुमारास तिची मूत्रपिंडं गेली, आणि रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या सुईला जोरकस शीर मिळावी म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी तिथं रोहिणी आणि नीला जोडून दिल्या होत्या. आमच्या गावच्या भवानी पेठेत शेजारचा माग सुरू झाला की भिंतीला हात लावून कळायचं, तशी ती थरथर बोटांना कळायची. ती माहेरी आली की माझी, धाकट्या बहिणीची, बोटं तिथंच असायची. थरथर थांबली तर यंत्र बंद, आणि यंत्र बंद तर अक्काही गेली, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या हाताला काही बांधायचं नाही, दाबायचं नाही, अशी ताकीद होती. पण पंचमीला आलेल्या सवाष्णीचा हात रिकामा बघून आत्याला राहवेना. मी कॉलेजात असताना कासारीण येऊन गेली. हात चेपून घट्ट चुडा भरण्यातच तिची ख्याती, आणि अक्कानंही हौसेनं हात पुढं केला. मी आले तेव्हा ती हसत चुडा दाखवत होती. मी बोटं लावली तर मनगट मुकं.

गावातल्या सर्जननं हात बघितला आणि बांगड्या फोडा म्हणाला. आत्यानं रडता रडता त्यालाच सुनावलं, फोडा म्हनू नगा, वाढवा म्हना. बिचारा म्हणाला, वाढवा. मग त्यानं शिरेत गोठलेलं रक्त काढलं, आकसलेला जोड सोडून थोडा वर नवा जोड घातला आणि आत्याचीच बोटं त्यावर ठेवली.

"हाय की," आत्या म्हणाली.

पुन्हा चुडा कधी भरायचा, एवढंच अक्कानं विचारलं. कधीच नाही, असं उत्तर आलं. तेव्हापासून मी त्या हाताची राखण करू लागले. घड्याळाचा पट्टासुद्धा लावू देत नसे. "आली बघा फौजदारीण," ती म्हणायची. ते ऐकायला आजही माझे कान आसुसतात.

हात शेवटपर्यंत चालला. हृदयानं दगा दिला. सवाष्ण गेली म्हणून आत्या हिरव्या बांगड्या घेऊन बसली. उजवा हात भरून झाला. ती डाव्या हाताकडं वळली तसा मी त्या मनगटावर पंजा ठेवला.

"सोड, बाळ," आत्या म्हणाली. "आता भरू दे."