बाईंचे पाय

पौषातल्या एका दुपारी साळवे बाईंच्या भाचीचा, रोझीचा फोन आला. "मावशी गेली," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मी श्रीरामपूरची एसटी धरली, पण वाटभर डोळ्यांपुढे बाईंचा चेहरा काही येईना, त्यांचे पायच येत राहिले. दिवाळीत त्यांना भेटले तेव्हा त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. माणसं ओळखू येत नव्हती. मला मात्र जवळ बोलावलं, मनगट घट्ट धरलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "होळी झाली का गं?" रोझी म्हणाली, हल्ली हेच चाललंय, येईल त्याला होळीचं विचारते, काय मनात घेतलंय देव जाणे. मला मात्र कळलं.

बाई आमच्या गावात आल्या त्या बहात्तरच्या दुष्काळात, शाळा सुरू व्हायच्या सुमाराला. गाव पाथर्डी तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं. शाळा एकखोलीची, मास्तर एकच, आणि त्या सालापासून ती एक म्हणजे बाई. विशी-बाविशीच्या असतील. भित्री भागूबाई हा शब्द त्यांच्याकडे बघूनच कुणीतरी काढला असावा. पालीला भ्यायच्या, बैलाला भ्यायच्या, सरपंचाला तर भ्यायच्याच. एकदा छतावरून पाल टेबलावर पडली तेव्हा बाई खुर्चीवर चढल्या. आम्ही खिदळलो. खाली उतरायची काही हिंमत होईना, पण वरूनच म्हणाल्या, पाट्या काढा, पाल कशी दिसते ते लिहा. आम्ही लिहिलं, 'पालीला बोटे आहेत. पाल भिंतीला चिकटते.' तिसरीत असून मला तोवर वाचता येत नव्हतं. पुस्तकात बागा असायच्या, कारंजी असायची. आमच्या गावात कुठलं आलंय कारंजं! पण पाल मी बघितली होती, म्हणून पाल मला लिहिता आली आणि लिहिलेली वाचताही आली. तेव्हापासून शाळा तशीच चालली. मुंगळा, बाभळीचा काटा, गाढवाचे कान... आधी बघायचं, मग लिहायचं, मग एकमेकांचं वाचायचं. भीती वाटली तर आणखी नीट बघायचं, असं बाई सांगायच्या, आणि सांगताना त्यांचाच आवाज कापायचा.

होळीला आठवडा असताना बाई तालुक्याला कसल्याशा शिबिराला गेल्या आणि येताना एक भिंग घेऊन आल्या. त्याच वेळी माझा बाप घरात पाय धरून पडला होता. नारू. ज्यांनी बघितला नाही त्यांना कसं सांगू? घोट्याजवळ फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि आतून पांढरा दोऱ्यासारखा जंत डोकं काढतो. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. तुटला तर पाय सडतो. बाप असा खाटेवर, आणि आई एकटीच खडी फोडायला दुष्काळी कामावर. तर बाईंनी बारवेतलं, गावाच्या पायऱ्यांच्या विहिरीतलं, पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, उन्हात धरलं आणि आम्हाला एकेकाला भिंगातून बघायला लावलं. पांढरे ठिपके पाण्यात टुणटुण उड्या मारत होते. त्या किड्यांच्या पोटात नारूचं बी असतं, बाई म्हणाल्या. पाण्याबरोबर ते आपल्या पोटात जातं आणि वर्षानं पायातून बाहेर येतं. मग फडक्यातून पाणी गाळायचं कसं तेही त्यांनी सांगितलं असणार, पण मी काहीच ऐकलं नाही. मी पाटीवर लिहिलं, 'पाण्यात नारू आहे.' आणि माझं पाणी पिणं सुटलं.

आई तांब्या द्यायची, मी मागल्या दारी जाऊन शेळीच्या घमेल्यात ओतायचे. शाळेत सुकडी मिळायची, ती कोरडी भुकटी टाळूला चिकटून बसायची, गिळता यायची नाही. ओठ फुटले. लघवी होईना. पाण्याकडे बघितलं की ते ठिपके दिसायचे आणि मी तोंड फिरवायचे. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं तर पाजतील. शेवटी तिसऱ्या दिवशी, म्हणजे होळीच्या आदल्या दिवशी, शाळेतच भोवळ येऊन पडले.

पोरांनी उचलून घरी आणलं. मागोमाग बाई, आणि त्यांच्यामागे निम्मं गाव. कारण पोरांनी सांगून टाकलं होतं, हिनं पाणी सोडलंय. सरपंच दारातच गरजले की पोरगीचं काही बरंवाईट झालं तर ही बाई गावात राहणार नाही. आई कामावरून धावत आली होती, ती नुसती रडत होती. बाईंचा चेहरा पांढराफटक पडलेला. त्यांनी बापाचं धुतलेलं धोतर मागितलं, त्याची दुहेरी घडी कळशीवर धरली आणि पाणी गाळलं. फडकं माझ्यापुढे उलगडलं, पेला उजेडात धरला, पाटी हातात दिली. मी पडल्या पडल्या लिहिलं, 'फडक्यावर किडे आहेत. पेल्यात नाहीत.' वाचूनही दाखवलं. पण प्यायले नाही.

तेव्हा खाटेवरून बाप म्हणाला, "बाई, तुमी प्याल का हे पानी?"

बाई पेल्याकडे बघत राहिल्या. उचलताना थोडं पाणी लुगड्यावर सांडलं. मग त्यांनी डोळे मिटून निम्मा पेला रिकामा केला.

"आता तू," मला म्हणाल्या. "वर्षभर तू माझ्या पायांकडे बघ, मी तुझ्या बघते. पुढची होळी झाली की आपल्याला कळेल."

मी प्यायले. कोमट, मातकट पाणी. घशाखाली उतरताना वाटलं, आता मेले. पण एकटी नाही मरणार, एवढा धीर होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं, 'होळी. बाईंच्या पायाला काही नाही.' मग दर महिन्याला बाई पाय धुऊन स्टुलावर ठेवायच्या, आम्ही भोवती गोळा व्हायचो, आणि कुणीतरी एक पोर खाली नवी ओळ लिहायचं. पाडवा. आखिती. वटपौर्णिमा. सुट्टीतही सुकडीसाठी शाळा उघडी असायची, त्यामुळे खंड पडला नाही. ज्यांना एक अक्षर येत नव्हतं ती पोरंही ती भिंत घडाघडा वाचायला लागली. घरोघरी कळशीवर फडकं आलं. माझे पाय बाई रोज गुपचूप बघायच्या. मीही रात्री हात फिरवून बघायचे, आणि डास चावला तरी उठून दिवा लावायचे.

आषाढ लागला आणि एके सकाळी बाई लंगडत आल्या. लुगड्याचा काठ उजव्या पायावर ओढून घेतलेला. त्यांना लपवता आलं असतं, चप्पल लागली म्हणता आलं असतं. पण त्यांनी पाय स्टुलावर ठेवला. घोट्याजवळ फोड होता, फुटलेला, आणि त्यातून पांढरं टोक दिसत होतं. एक पोरगी मोठ्यानं रडायला लागली. मी माझे घोटे चाचपले. ज्या पेल्यातून बाई प्यायल्या त्याच पेल्यातून मी प्यायले होते.

"मलाही भीती वाटतेय," बाई म्हणाल्या. "तरी बघा. आणि भिंतीवर खरं तेच लिहा."

गेरू माझ्या हातात दिला. मी लिहिलं, 'आषाढ. बाईंच्या पायातून नारू निघाला.' लिहिलेलं वाचायचं ही सवयच लागलेली, म्हणून वरपासून वाचत आले. होळी, पाडवा, आखिती, वटपौर्णिमा, आषाढ. पुन्हा वाचलं. वर्ष कुठं झालं होतं? मी वळून म्हटलं, "बाई, ह्यो त्या पेल्याचा न्हाई. तुमी आल्या तवाचं पानी हाय हे. न गाळलेलं." बाई ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, तुझं बरोबर आहे, पण पेल्याचं आपल्याला होळीलाच कळणार. म्हणजे सुटका नव्हतीच. बाई काडीला नारू गुंडाळत शिकवत राहिल्या, आणि माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

होळी आली आणि गेली. त्यांच्या पायाला नवं काही नाही, माझ्या पायाला काही नाही. ती ओळ आम्ही दोघींनी मिळून लिहिली. पुढे त्यांची बदली झाली, मीही शिकून मास्तरीण झाले. आयुष्यभर त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि मला वाटलं होतं, विसरल्या असतील.

म्हणून दिवाळीत त्यांनी मनगट धरलं तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसले, चपला काढल्या आणि दोन्ही पाय त्यांच्यासमोर पांघरुणावर ठेवले. रोझी बघतच राहिली. म्हटलं, होळी झाली बाई, हे बघा. बाईंनी वाकून बघितलं. घोट्याभोवती बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. मग उशीला टेकल्या. "काही नाही," म्हणाल्या, आणि त्यांना झोप लागली.

परवा होळी झाली. मी पाय धुतले, पुसले, दारातल्या उजेडात स्टुलावर ठेवून नीट बघितले. काही नाही. पण आता हे मी कुणाला सांगू?