चाळीसगावचा थांबा

काल गॅसवर वांगी भाजायला ठेवली आणि जळक्या सालीचा वास घरभर पसरला. तुम्हाला तिकडे नवल वाटेल, पण आमच्याकडे माहेरचं माणूस गाडीने जाणार असलं की वाटेतल्या स्टेशनवर डबा घेऊन उभं राहायची रीत होती. गाडी थांबेल तेवढ्यात भेट व्हायची. करोनाच्या साथीनंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा माझी धाकटी बहीण भुसावळहून मुंबईला ऑपरेशनसाठी निघाली. मी आणि तुमचे आजोबा भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन धुळ्याहून चाळीसगावला गेलो. ती गाडी तिथे नेहमीच थांबायची, म्हणून कुणाला विचारलंही नाही. फलाटावरचा चहावाला डबा बघून म्हणाला, "अक्का, ती गाडी आते आठे नही थांबस. तिले मुंबईनी घाई शे." आजोबा हसले. गाडी आता इथे थांबत नाही, हे सांगायला मी बहिणीला फोन केला. "मग मी दारात उभी राहते," ती म्हणाली. गाडी वेगात निघून गेली. मी डबा वर धरला होता. एका दारात हिरवा पदर दिसला, तो तिचाच असावा. थोड्या वेळाने तिचा फोन आला. "दिसलीस गं. भरीतच होतं ना? येताना खाईन." डबा आम्ही घरी येऊन संपवला. ती मुंबईहून परत आली नाही. आता त्या गाडीला चाळीसगावचा थांबा पुन्हा मिळाला आहे, असं पेपरात वाचलं. काल भरीत झाल्यावर मी ते डब्यात भरलं, झाकण लावलं, आणि मग पुन्हा उघडून ताटात वाढून घेतलं.