मामांनी लावलेल्या मेणबत्त्या

ड्रायव्हरमामांइतका देवाधर्माचा माणूस आपल्या गल्लीत दुसरा नाही, यावर गल्लीचं एकमत होतं. असणारच. डोंगरावरच्या त्या पुरातन चर्चच्या यात्रेला लोक आयुष्यात एकदा जातात. मामा महिन्याकाठी जाऊन येत. आता टूरची बस चालवणारा माणूस जाणार नाही तर करणार काय, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही आणि मामांनीही तो येऊ दिला नाही.

खरं सांगायचं तर मामांनी ते चर्च बाहेरूनच पाहिलं होतं, तेही अर्धंच, कारण पार्किंगमधून नुसता मनोरा दिसतो. यात्रेकरू वर गेले की मामा मागच्या लांब सीटवर ताणून देत. गाडीला सावली कुठे मिळते, चहा कुणाकडे बरा असतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. आत ज्या संताची कबर आहे ती कुठल्या बाजूला असं विचारलं असतं, तर मात्र पंचाईत होती.

मामी दर खेपेला मेणबत्त्यांचा पुडा हातात देत. "अहो, आपल्या लेकीसाठी लावा. तिची कूस उजवू दे म्हणावं." मामा कधी विसरले नाहीत. बसच्या खिडक्यांच्या खाचांना मेण लावलं की काचा कशा अलगद सरकतात, हे कुठला ड्रायव्हर विसरेल? घरी आल्यावर मामी विचारत, "लावल्या?" मामा म्हणत, "लावल्या." शब्द धरून बसलं तर यात काही खोटं नव्हतं, आणि मामा तो शब्द चांगला घट्ट धरून बसले होते.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी लेकीला मुलगी झाली आणि प्रकरण मामांच्या अंगाशी आलं. मामींना बस लागते. ड्रायव्हरच्या नशिबी नेमकी अशी बायको! त्यामुळे त्या यात्रेला कधी गेल्या नव्हत्या. आता मात्र म्हणाल्या, "उलट्या झाल्या तरी चालतील. तुम्ही मेणबत्त्या लावत होता ना, त्याच जागी उभं राहून मला आभार मानायचेत."

मामांची पाचावर धारण बसली. गल्लीचं काय, गल्ली चार दिवस हसेल आणि विसरेल. पण आपल्याला मनापासून भला माणूस समजणारी जगात ही एकच बाई आहे, आणि तिच्या मनातून उतरलो तर आपल्याजवळ काही उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वर पोचल्यावर मामा ऐटीत पुढे झाले. ड्रायव्हर माणूस, रस्ता विचारणं जिवावर येतं. बाहेर पडणाऱ्या गर्दीतून ते उलटे आत घुसले तेव्हा दारावरचा रखवालदार ओरडला, "काका, हे बाहेर जायचं दार!"

"हल्ली बदललेलं दिसतंय," मामा पुटपुटले.

आत गारवा होता. मामींनी हळूच विचारलं, "कुठे लावायचात?" मामांनी डावीकडचा एक कोपरा दाखवून दिला. मामींनी डोळे पुसले, पिशवीतून मेणबत्ती काढली, काडी ओढणार तोच फुलदाण्या पुसणारी एक वयस्क सिस्टर लगबगीने आली.

"ताई, आत नाही लावायची. छतावरची चित्रं काळी पडतात. मी इथे आले त्याच्या आधीपासून बंदी आहे. बाहेर अंगणात लावा."

मामींनी मामांकडे पाहिलं. मामा छताकडे पाहत होते. ती चित्रं इतक्या भक्तिभावाने आजवर कुणी पाहिली नसतील.

अंगणात आल्यावर मामींनी एवढंच विचारलं, "मग लावल्या कुठे?"

"बसच्या खिडक्यांना," मामा म्हणाले. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

मामी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आपली मेणबत्ती स्वतः लावली, हात जोडले आणि बाकावर जाऊन बसल्या. मामा बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. मामी मेणबत्तीकडे पाहत म्हणाल्या,

"माझं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, बाहेर बसून तू शुद्धीवर येईपर्यंत प्रार्थना करत होतो. ती?"

"ती केली होती गं." ती मामांनी खरंच केली होती. शब्द धड येत नव्हते, जे आठवले तेच पुन्हा पुन्हा म्हटले होते, आणि रडलेही होते. साऱ्या जन्मात केलेली ती एकच प्रार्थना. "शप्पथ, ती केली होती."

मामींनी त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"मला ती खरी मानायचीय हो," त्या म्हणाल्या. "पण कशी मानू, तेवढं सांगा."