भिंतीकडे तोंड करून

आमच्या घरात अक्षर नव्हतं. बाप दुसऱ्याच्या मिठागरावर राबायचा, आई डोक्यावरून मीठ वाहायची. उधाणाला बांध फुटला की दोघं कमरेएवढ्या चिखलात उतरायची. त्या घरातली मी पहिली पदवीधर, हे मी छाती काढून सांगते. एक गोष्ट मात्र सांगत नव्हते. शेवटच्या वर्षाचा पेपर लिहीत होते, तेव्हा बाप त्या बांधावरच वारला. घरच्यांनी मला कळवलं ते पेपर संपल्यावर.

पुढे शिक्षिका झाले आणि गुरुजी भेटले.

गुरुजी ऐकताना भिंतीकडे तोंड करून बसायचे. पेणजवळच्या एका शाळेत आम्ही काही शिक्षक शनिवारी दुपारी जमून मुलांसाठी आपल्या किनाऱ्याचं पुस्तक लिहीत होतो. निवृत्त झालेले गुरुजी आमच्यात सगळ्यांत वडील. नियम त्यांचाच : लिहायचं एकाने, वाचायचं दुसऱ्याने, लिहिणाऱ्याचं नाव फोडायचं नाही. वाचन सुरू झालं की ते खुर्ची भिंतीकडे फिरवत. मजकूर पटला तर शेवटी खुर्ची आमच्याकडे वळवून एवढंच म्हणत, "चहा सांगा." नाही पटला तर मध्येच बोट वर.

एकदा मी वादळावरचा मजकूर वाचत होते. शाळेचे पत्रे कसे उडाले, ते होतं. बोट वर झालं.

"फरीदाबाई, इथं तुम्ही नव्हता."

मागे न वळता. अक्षर न बघता. म्हसळ्याच्या फरीदाबाई हसत सुटल्या. "खरंय गुरुजी. मी घरात पलंगाखाली होते."

"मग पलंगाखालून लिहा."

त्यांनी तसं लिहिलं, आणि पुस्तकातला तो सगळ्यांत चांगला धडा झाला. "गुरुजी, माझी छत्री कुठं हरवली तेही सांगा की," आमच्यातल्या एका सरांनी विचारलं. "छत्री वाचून कोण दाखवणार हो?" गुरुजी म्हणाले. आम्ही हसलो, पण त्यानंतर वाचन सुरू झालं की खोलीत पंख्याचाच आवाज यायचा.

मी बापावर लिहिलं. त्याला मांडीवर घेतलं, त्याने पाणी मागितलं, मी ओंजळीने पाजलं, असं लिहिलं. फरीदाबाई वाचत होत्या. ओंजळीपाशी बोट वर झालं.

"पोरी, इथं तू नव्हतीस."

गुरुजी भिंतीला कान देऊन बसल्यासारखे वाकले होते. मग म्हणाले, "पाणी नाही मागितलं त्याने. काहीतरी विचारलं. मला नीट ऐकू येत नाही. आईला विचार."

गुरुजींनी माझ्या आईला कधी पाहिलं नव्हतं. आमचं गावही त्यांना माहीत नव्हतं.

घरी गेले. आई तांदूळ निवडत होती. विचारलं तसा तिचा हात थांबला.

"तुना कोनी सांगितला?"

"तू सांग आधी."

"पानी नाय मागितला. 'बायचा पेपर झाला का?' ता इचारला. मी हो बोलले." आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. इतकी वर्षं तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी सगळं खोडलं. नव्याने लिहिलं, तेव्हा त्यात मी परीक्षेच्या खोलीत होते, आणि बांधावर आई होती.

ते ऐकायला गुरुजी राहिले नाहीत. वाचनाच्या आधीच्याच आठवड्यात ते गेले. शनिवारी त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून तशीच होती, कुणी हलवली नाही. फरीदाबाई वाचत होत्या, बाकी सगळे खाली बघत होते. आईच्या "हो"पाशी फरीदाबाई थांबल्या. तिथेच मजकूर संपत होता. आम्ही माना वर केल्या.

खुर्ची आमच्याकडे वळलेली होती.

कुणी वळवली, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही. छत्रीवाले सर उठले आणि दाराबाहेरच्या शिपायाला हळूच म्हणाले, "चहा सांगा."

पुस्तक छापून आलं. आईला वाचता येत नाही, म्हणून मी तिला माझा धडा वाचून दाखवला. ती म्हणाली, "असाच झाला." आमच्या घरातल्या माणसाने लिहिलेली ती पहिली छापील पानं. त्यात बापाचं नाव आहे, आणि पाचवीच्या वर्गात तो धडा मी स्वतः शिकवते.