हीटर लावून सांगोल्याला

कुंभारीतनं सांगोल्याला जायचं म्हंजी सोलापूर, कामती, बेगमपूर, मंगळवेढा आन मंग सांगोला. गाडी नीट असंल तर दोन-अडीच तास. आमाला किती लागलं ते ऐका.

मेव्हण्याच्या पोरीचं बारसं व्हतं. पाळणा बाराला. पोरीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आन आत्या एकच, म्हंजी आमची बायको सुरेखा. ती पोचली न्हाय तर पोरगी बिननावाची. तिनं येरवाळी (लवकर) निघू म्हनून सांगितलं व्हतं. मी जुनी का हुईना पण स्वतःची गाडी सासुरवाडीला पयल्यांदाच न्यायलो व्हतो, म्हनून नऊ वाजेपतूर पुसत बसलो.

सोलापूर सुटलं. दोनी बाजूला मोकळी रानं, ऊन असं की कुत्रं बी रस्ता ओलांडंना. कामतीच्या पुढं एक काटा वर चढायला लागला. मला लई बरं वाटलं. सुरेखाला म्हनलं, बघ, गाडी कसा जोर लावतीया. ती म्हनाली, पळायचा काटा तर दुसराच हाय की, तो चाळीसवर हाय. मी तिला म्हनलं, बायांना मशीनीतलं कळत न्हाय.

पुढच्या चढाला गाडीनं दमच टाकला. कितीबी दाबा, वढंना. मंग बॉनेटमधनं वाफ निघाली, भाताच्या कुकरागत. तवा कळलं, तो काटा इंजनाच्या गरमीचा व्हता.

एक टेंपोवाला थांबला. म्हनला, थोडा वेळ बंद ठेवा, मंग हीटर फुल लावून हळूहळू बेगमपुरात जावा, तितं मेहबूबचाचाचं गॅरेज हाय. मला वाटलं गडी चेष्टा करायलाय. उन्हाळ्यात हीटर? तो म्हनला, "इंजनाची गरमी तुमी आत घ्या की. तेवढीच त्याला कमी."

आमी घेतली. वर ऊन, खाली हीटर, मधी आमी दोघं. सुरेखाची नवी इरकल अंगाला चिकटली, तोंडावरची पावडर गळ्यापतूर आली.  तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. मी सांगितलं, मंगळवेढा सोडलं. अजून बेगमपूरचा भीमेचा पूल बी दिसला नव्हता.

चाचाच्या दारात पोचल्याबरुबर मी हुशारी करून रेडिएटरचं टोपण उघडायला गेलो. चाचानं माझ्या हातावर चापट मारली. "उकळतं पाणी तोंडावर घ्यायचं हाय काय? ठंडा होने दो." मंग त्यानं रेडिएटरच्या जाळीला हात लावला. इंजन भट्टीगत आन जाळी गार. तो म्हनला, पाणी आतच कोंडलंय, इंजनातनं जाळीकडं जायचं दारच उघडंना. त्या दाराला थर्मोस्टॅट म्हनतात. पाणी कसलं भरता ते त्यानं इचारलं. मी म्हनलं, बोरचं, फुकट हाय. चाचा म्हनला, त्या पाण्यानं घागरीला पांढरा थर बसतो, मंग गाडीच्या पोटात काय साखर बसंल?

इंजन गार व्हायला तास गेला. शेंगाचटणीसंगं धपाटी खाल्ली. मीच खाल्ली, सुरेखानं घड्याळ बघितलं. खाली भीमेच्या पाण्यात म्हशी गळ्यापतूर बसल्या व्हत्या. मला त्यांचा हेवा वाटला.

मंग चाचानं आमचा थर्मोस्टॅट काढला, शेजारच्या हाटेलातनं चहाचं पातेलं आणलं, त्यात पाणी उकळलं आन आमचा आन त्याच्याकडचा एक जुना, असं दोन बी आत सोडलं. चहा प्यायला आलेली सगळी माणसं भवती जमली. जुन्यानं हळूहळू तोंड उघडलं, कोंबडीच्या पिल्लागत. आतलं मेण वितळून फुगतं, त्यानं दार ढकललं जातं म्हनं. आमचा मात्र गप. एकजण म्हनला, तुमच्यावर रुसलाय वाटतं. पातेलं घासायचं काम माझ्याकडं आलं.

जुना दुसऱ्या गाडीचा, आमच्या गाडीत बसत नव्हता. चाचा म्हनला, आजच्यापुरता बिनथर्मोस्टॅटचा जा, उद्या नवा घाल. मी म्हनलं, कायमचाच काढू की, आपल्याकडं एवढं ऊन, इंजन गार राहिलेलं चांगलं.

चाचा म्हनला, गार इंजन पेट्रोल जास्ती पितंय, वढत न्हाय, आतनं झिजतंय. माझ्या टाळक्यात शिरंना. तवा सुरेखा म्हनाली,

"तव्यागत हाय की. लई तापला तर भाकर करपती, गार असला तर चिकटती."

चाचा म्हनला, "ताई, गाडी तुमी चालवा. याला मागं बसवा."

परत फोन. मेव्हणा इचारत व्हता, दाजी, मंगळवेढा सोडून दोन तास झालं, कुटं हाय? बाया खोळंबल्यात, चुलतबहिणीकडनं नाव ठेवून घेतो. सुरेखानं माझ्या हातनं फोन घेतला. "पाळण्याला कुणी हात लावायचा न्हाय. मी यायलीय."

काटा आता खालीच झोपला व्हता आन गाडी बी. रेटत रेटत दीडला पोचलो. निम्म्या बाया उठून चपला शोधत व्हत्या. सुरेखा तशीच पाळण्याकडं गेली, वाकली, पोरीच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. रिवाजापरमानं बायांनी तिच्या पाठीत बुक्क्या घातल्या. पाठ एवढी भिजली व्हती की पचपच आवाज आला आन सगळ्यांनी हात पदराला पुसलं.

मेव्हण्यानं सगळ्यांच्या म्होरं इचारलं, "काय दाजी, गाडी बिघडली काय?"

माझं तोंड उघडायच्या आत सुरेखा म्हनाली, "गाडीला काय धाड भरलीय? मलाच साडी नेसायला उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी सांगोल्यात नवा थर्मोस्टॅट घातला, बोरचं पाणी काढून कूलंट भरलं, आन निघालो. काटा मधोमध आला आन तितंच राहिला. गाडी चढाला अशी वढायला लागली, जशी माझी नव्हंच. मंगळवेढ्याची ज्वारीची रानं मागं पडली तवा मी इचारलं, काल खोटं का बोललीस?

ती म्हनाली, "खरं सांगितलं असतं तर पुढच्या खेपेला भाऊ त्याची गाडी घेऊन मला न्यायला आला असता."

"मंग बरंच की."

"मंग तुमाला कुणी बोलावलं असतं?"

कुणीच न्हाय, हे मला बी ठाऊक. पण तिला मी संगं पायजे व्हतो, हे लगीन होऊन अकरा वरसांनी भीमेच्या पुलावर कळलं. वारं चांगलं गार लागत व्हतं, तरी माझं कान तापलं.