खारीची उडी आणि आत्याचं मनगट

माझी आत्या क्रेन चालवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे नीट बघतात आणि हळूच विचारतात, "म्हणजे तिथल्या ऑफिसात ना?" ऑफिसात नाही. मालाच्या यार्डात, उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून, दोन्ही हातांत दोन दांडे धरून ती लोखंडी कंटेनर उचलते आणि जिथल्या तिथे ठेवते. ठेवते तेही इतकं अलगद, की एकदा एका ट्रकवाल्याला डुलकी लागली होती, आत्यानं त्याच्या ट्रकवर कंटेनर ठेवला, आणि त्याला जाग आली ती मागच्या ट्रकनं भोंगा वाजवल्यावर. यार्डात ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात.

हा हात आला कुठून, असं कुणी विचारलं तर ती सरळ सांगते, "व्हिडिओ गेममधून." नोकरीच्या मुलाखतीतही तिनं हेच सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, "दांडा धरायचा काही अनुभव?" ती म्हणाली, "माझ्या भावाला विचारा. त्याला मी एकदाही जिंकू दिलं नाही." तो भाऊ म्हणजे माझे बाबा. ते आजही ही गोष्ट ऐकली की म्हणतात, "एकदा जिंकलो होतो. तिला ताप होता."

आजोबांनी त्या दोघांना मिळून एक गेमचा डबा आणून दिला होता. करडा रंग, वरच्या खाचेत कॅसेट खोचायची, पुढे दोन कंट्रोलर. त्यातला त्यांचा लाडका खेळ खारीचा. मालगाडी धावत असते, खार एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर उड्या मारत इंजिनापर्यंत जाते. बटण क्षणभर उशिरा दाबलं की खार रुळांवर. पुलाच्या टप्प्यात तर डबे हलतातही. बाबा तिथून पुढे कधी गेले नाहीत. आत्या गप्पा मारत मारत जायची.

तर ही आत्या गेल्या वर्षी इमारतीच्या ओल्या जिन्यावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात असा बारीक झाला होता की तिनंच त्याच्याकडे बघून विचारलं, "हा कुणाचा?" मग व्यायाम सुरू झाले. चेंडू दाबणं, नळ फिरवणं, ओला टॉवेल पिळणं. व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट आत्यापेक्षा लहान आणि आत्याइतकीच हट्टी होती. शेवटी ती म्हणाली, "ताई, मनगट छान आलंय. आता कामावरची चाचणी द्यायला हरकत नाही."

यार्डाचा नियम असा की मोठ्या रजेनंतर परतणाऱ्यानं चाचणी द्यायची. क्रेनला काठोकाठ भरलेलं पाण्याचं पिंप टांगतात आणि उभ्या रोवलेल्या खांबांमधून ते वळणं घेत न्यायचं असतं. खांबाला लागू द्यायचं नाही, पाणी सांडू द्यायचं नाही.

"त्याआधी घरच्या घरी हात बघून घेते," आत्या म्हणाली, आणि तिनं बाबांना फोन केला. "तो गेमचा डबा आहे ना तुझ्याकडे?"

बाबांनी माळ्यावरून डबा काढला, धूळ झटकली, आणि आम्ही दोघं तो घेऊन तिच्याकडे गेलो.

तिच्या भिंतीवरचा टीव्ही नवा कोरा, दारापेक्षा रुंद. डब्यातून तीन पिना निघत होत्या, पिवळी, पांढरी आणि लाल. टीव्हीच्या पाठीमागे मात्र नुसत्या चपट्या खाचा. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, टीव्हीमागे डोकं घालून बराच वेळ शोधत राहिले आणि शेवटी म्हणाले, "याला नाकच नाही, नथ कुठे घालू?" मग कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं काडेपेटीएवढा एक कन्व्हर्टर दिला. एका बाजूला तीन पिना, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. चित्र आलं, पण अंगानं सुटलेलं. "खार कसली, हा तर बोका आहे!" आतोबा म्हणाले. आत्यानं टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र पूर्वीसारखं चौकोनी केलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि खार पुन्हा सडपातळ झाली.

कॅसेटच्या पितळी दातांवर तिनं खोडरबर फिरवलं, वर स्पिरिटचा बोळा. कंट्रोलर उघडून आतलं रबर पुसलं. डाव्या हातानं स्क्रू काढताना तिनं कुणाला मदत करू दिली नाही. मग पाय दुमडून, वायर आखूड म्हणून टीव्हीच्या अगदी जवळ, जमिनीवर बसली.

खार पहिल्याच फटीत पडली.

"सवय गेली," आत्या म्हणाली. पुन्हा पडली. आम्ही निघेपर्यंत ती दुसऱ्या-तिसऱ्या डब्याच्या पुढे गेली नव्हती. तिला हरताना बघायची बाबांना सवय नव्हती.

पुढचे काही दिवस ती रोज बसली. कंट्रोलर पुन्हा उघडला, रबर पुन्हा पुसलं, दुसरा कंट्रोलर लावून पाहिला. फरक शून्य. बटण दाबताना तिला वाटायचं, हा बरोबर क्षण, आणि खार तोवर खाली. यंत्रात दोष सापडेना, तेव्हा तिनं तो स्वतःत शोधला. बोलणं कमी झालं. भाजी चिरताना सुरी खाली ठेवून मनगटाकडे बघत राहायची. आतोबांनी विचारलं की, "काही नाही हो."

एका दुपारी तिनं यार्डाच्या सुपरवायझरना फोन लावला. "मला खाली टेबलाचं काम द्या. माझा हात गेला."

"अहो, चाचणी तरी द्या आधी."

"लोकांच्या डोक्यावर पिंप टांगून माझा अंदाज तपासू? नको. माझं मला कळलंय."

त्यांनी खूप समजावलं. ती ठाम राहिली. आत्या चुकत असली तरी ठामच असते.

फोन झाला तरी खेळणं काही सुटलं नाही. आता ती जिंकायला बसत नव्हती, दुखरा दात जिभेनं चाचपावा तशी बसायची. त्या कन्व्हर्टरमधून टीव्हीचा आवाज घोंघावत यायचा, आणि आतोबांना तो सहन होईना. ते शाळेत कवायत शिकवतात. मैदानावर गाणी लावायला त्यांच्याकडे एक जुनी म्युझिक सिस्टीम आहे. त्यांनी आवाजाच्या दोन पिना, पांढरी आणि लाल, कन्व्हर्टरमधून काढून सरळ त्या सिस्टीमला लावल्या. आवाज खणखणीत झाला. मग ते टीव्हीकडे पाठ करून शर्टांना इस्त्री करायला लागले, समोर कपाटाचा आरसा.

थोड्या वेळानं त्यांनी इस्त्री उभी केली. "अगं, ही खार उडी मारायच्या आधीच टुणकन आवाज करते का?"

"काय?"

"आरशात बघतोय मी. आवाज होतो, आणि मग खार उडते. कवायतीत असं पोरगं असलं, की मी त्याला बाहेर काढून परत एक-दोन करायला लावतो. अर्ध्या ठोक्यानं मागे आहे ती."

आत्यानं डोळे मिटले आणि बटण दाबलं. टुण्. बोट आणि आवाज एकत्र. डोळे उघडले, पुन्हा दाबलं. बोट आणि आवाज एकत्र, आणि खार किंचित मागाहून, जणू कुणी हाक मारल्यावर वळून उठावी तशी.

तिनं ते कितीतरी वेळा करून पाहिलं. मग कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"म्हणजे बोट वेळेवर पडतंय."

"बोट वेळेवर, आवाज वेळेवर," आतोबा म्हणाले. "उशीर हा भिंतीवरचा करतोय."

आवाज टीव्हीतून येत होता तोवर हे कळणं शक्यच नव्हतं. टीव्ही चित्राबरोबर आवाजही तेवढाच थांबवून धरत होता. दोघं मिळून उशिरा आले की कुणालाच उशीर झाल्यासारखा दिसत नाही.

तिनं दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, जुना टीव्ही चित्र आलं की तसंच समोर टाकायचा. हा नवा ते आधी घेतो, मोठं करतो, डाग काढतो, गुळगुळीत करतो, आणि मग दाखवतो. सिनेमा बघताना काय फरक पडतो! खेळताना पडतो. सेटिंगमध्ये गेम मोड असेल बघा, तो लावला की ही सगळी साफसफाई बंद."

गेम मोड सापडला. लावल्याबरोबर खारीचे रंग जरा भडक आणि कडा खडबडीत झाल्या, पण आवाज आणि उडी पुष्कळ जवळ आली. उरलेला फरक त्या काडेपेटीचा होता. दुरुस्तीवाल्यानं ती परत घेऊन दुसरी, जरा बऱ्या जातीची दिली. मग आतोबांनी आरशात पाहून निकाल दिला, "आता रांगेत आहे."

आत्या खेळायला बसली. पहिला डबा, दुसरा, तिसरा, बोगदा, वळण. खार धावत राहिली. आतोबा इस्त्री विसरले. एक बाही थोडी पिवळी पडली, ती त्या शर्टावर अजून आहे. पुलापाशी पोचल्यावर आत्या हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतके दिवस मी स्वतःला म्हातारी म्हणत होते हो! आणि हा ठोंब्या माझ्या बोटामागून फरफटत येत होता!"

पुलावर मात्र ती पडली. पुन्हा गेली, पुन्हा तिथेच. तिथे बटण लागोपाठ दोनदा दाबून अंगठा बाजूला सरकवायचा असतो, आणि नेमक्या त्या वळणाला मनगट अडत होतं. आतोबांना वाटलं, आता ही परत गप्प होणार. ती म्हणाली, "हे माझं आहे. हे टीव्हीचं नाही. आणि माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी तिनं फिजिओथेरपिस्टला जाऊन नेमकं कुठे अडतं ते कंट्रोलर हातात धरून दाखवलं. त्या मुलीला इतकं बिनचूक सांगणारा पेशंट आवडला. तिनं त्याच वळणाचा व्यायाम दिला, आणि मनगट हळूहळू सुटत गेलं.

मग आत्या स्वतः यार्डात गेली. सुपरवायझरच्या समोर उभी राहून म्हणाली, "मी फोनवर बोलले ते खोटं नव्हतं, पण चुकीचं होतं. चाचणी घ्या."

चाचणीच्या सकाळी वारा होता. आम्ही कुंपणापलीकडून बघत होतो, बाबा, आतोबा आणि मी. पिंप उचललं गेलं तेव्हा वरचं पाणी चकाकताना दिसलं. पहिली वळणं तिनं अशी घेतली जणू कालच सुट्टी संपली होती. मधल्या अरुंद जागी वाऱ्यानं पिंप झुललं आणि खांबाकडे निघालं. खाली उभ्या माणसानं हात वर केला. आत्यानं घाई केली नाही. क्रेन पिंपाच्या झोक्यामागोमाग जराशी नेली, झोका विरू दिला आणि मग पुढे निघाली. पिंप शेवटच्या खांबाजवळून गेलं आणि जमिनीवर टेकलं.

सुपरवायझर चालत चालत सगळ्या वाटेवरची माती बघून आले. कोरडी होती. आत्या शिडीवरून उतरली तेव्हा ते म्हणाले, "तुमच्यासाठी टेबल रिकामं करून ठेवलं होतं हो. त्याचं काय करू?"

"फुलदाणी ठेवा," आत्या म्हणाली आणि हेल्मेट काखेत मारून चहाकडे गेली.

पुढे फिजिओथेरपिस्टनं तिला विचारलं, हा गेमचा डबा आमच्या व्यायामाच्या खोलीत लावता येईल का? तिथेही भिंतीवर तसाच रुंद टीव्ही होता. आत्यानं रविवारी जाऊन सगळं जोडलं. चित्र चौकोनी केलं, गेम मोड लावला, आणि डोळे मिटून, उघडून, आवाज आणि उडी जुळतायत ना ते तपासलं. कुणाला खेळायला बसवायच्या आधी ती हे तपासतेच.

पहिला आला एक न्हावी. त्याच्या अंगठ्याची शीर कापली गेली होती, ती शिवून झाली होती, पण तो अंगठा अजून अंगाशी धरून बसायचा. कंट्रोलर त्यानं गरम भांडं धरावं तसा धरला.

"बाई, आणि पडली तर?"

"पडली तर पुन्हा पहिल्या डब्यावर येते. तुम्ही दाबा."

त्यानं दाबलं. खार उडाली आणि दुसऱ्या डब्यावर टेकली. तो आपल्या अंगठ्याकडे बघतच राहिला, तोवर खार पडलीसुद्धा. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

"गेली होती ना पण?"

"गेली होती. मी पाहिली," आत्या म्हणाली, आणि खुर्ची त्याच्या शेजारी ओढून तिनं दुसरा कंट्रोलर उचलला.